उन्हाळी वाचनवर्गाचा खरंच उपयोग झाला का, हे तपासायचं कसं

मे महिना लागला की मुंबईत वाचनवर्गांना नुसता ऊत येतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, चाळीच्या मंडळाच्या खोलीत, पालिकेच्या शाळेतल्या एखाद्या वर्गात, लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये. चांगलंच आहे, मी पण ह्याच कामात आहे. पण जूनमध्ये जे रिपोर्ट येतात ना, ते सगळे एका साच्यातले. इतकी मुलं आली, इतकी पुस्तकं वाचून झाली, समारोपाला अमुक पाहुणे आले, मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता, आणि खाली सर्टिफिकेट छातीशी धरलेल्या पोरांचा फोटो. ह्यातून एवढंच कळतं की वर्ग झाला. पोरांच्या वाचनात काही फरक पडला का, पडला तर कोणाच्या, हे कुठेच नाही.

म्हणून हे लिहितेय, ज्यांना पुढच्या मे मध्ये पहिली ते पाचवीच्या मुलांचा वर्ग घ्यायचाय आणि तो नीट तपासायचाय त्यांच्यासाठी. मोठी संस्था लागत नाही, एक वही, एक फोन आणि दोन-तीन चिकट स्वभावाची माणसं असली की होतं.

पहिलं म्हणजे तपासणी जूनमध्ये सुरू होत नाही, एप्रिलमध्ये होते. वर्ग संपल्यावर कोणीतरी म्हणतं चला आता इम्पॅक्ट काढूया, तेव्हा काही काढता येत नाही, कारण मूल आलं तेव्हा कुठे होतं हेच कोणाला माहीत नसतं. तर एप्रिलमध्ये सगळ्यांनी बसून एक वाक्य लिहायचं, हा वर्ग कशासाठी आहे. इथेच भांडणं होतात आणि ती झालेली बरी. कोणाला वाटतं ज्यांना वाचताच येत नाही त्यांना वाचायला शिकवायचंय, कोणाला वाटतं येतंय ते सुटीत विसरू नये एवढंच, आणि कोणाला नुसती पुस्तकांची गोडी लावायचीय. तिन्ही ठीक, पण तिन्हीची मोजपट्टी वेगळी. गोडी लावायला वर्ग घेतला आणि शेवटी मिनिटाला किती शब्द हे मोजलं तर उत्तर चुकीचंच येणार.

मधल्या पर्यायाबद्दल एक सांगायचंय. सुटीत मुलं विसरतात हे आपण अमेरिकेतून ऐकलेलं. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिकडचे बरेच अभ्यास एकत्र करून साधारण एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरण होते असं मांडलं. पण तिकडची सुटी अडीच महिन्यांच्या आसपास, आपली मे आणि अर्धा जून. शिवाय नंतरच्या संशोधकांनी ह्या घसरणीवर प्रश्नही उभे केलेत, परीक्षा कशी घेतली त्यावर आकडा बराच बदलतो म्हणे. त्यामुळे आमच्या वर्गाने घसरण थांबवली असं प्रस्तावात ठोकून देऊ नका, आधी तुमच्या मुलांत घसरण होते का ते तरी बघा.

आता मोजायचं कशाने. नवीन परीक्षा तयार करत बसू नका, कृपा करून. 'प्रथम' ह्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची 'असर' नावाची वाचन चाचणी आहे, मराठीत आहे, नेटवर फुकट मिळते, एका मुलाला काही मिनिटं लागतात. चार भाग असतात, अक्षरं, शब्द, सोप्या वाक्यांचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. अडखळत का होईना पण वाक्यासारखं वाचलं, तीनपेक्षा जास्त चुका नाहीत, तर गोष्ट द्यायची. परिच्छेद नाही जमला तर शब्द, पाचातले चार आले तर शब्द पातळी, नाही तर अक्षरं, तिथेही पाचात चार. जिथे थांबलं ती त्याची पातळी, विषय संपला. एका कोपऱ्यात एकटं बसवून घ्या, बाकीची पोरं भोवती असली की मागून कोणीतरी उत्तर सांगतंच.

ह्यात दोन खड्डे आहेत. एक, ही चाचणी गोष्टीपाशी संपते. चौथी-पाचवीतलं जे मूल एप्रिलमध्येच गोष्ट वाचतंय ते जूनमध्येही गोष्टच वाचणार, म्हणजे कागदावर प्रगती शून्य, आणि तुमच्या वर्गात अशीच मुलं जास्त असली (क्लबहाउसवाल्या वर्गात असतातच) तर ही चाचणी त्यांच्यासाठी बिनकामाची. त्यांना पानभर न वाचलेला उतारा द्या आणि चार प्रश्न विचारा, त्यातले दोन असे की ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही. आजी का चिडली असेल, असले. किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीने नेटवर ठेवलेत, त्यात असे उतारे हवे तेवढे मिळतात.

दुसरा खड्डा पाठांतराचा. दुसरीतला एक मुलगा बघितलाय मी, कुत्र्याच्या गोष्टीचं पुस्तक धडाधडा वाचायचा, ताई एकदम खूष. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं हे काय लिहिलंय, तर गडी परत पहिल्या ओळीपासून सुरू झाला, म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला आणि मग सांगितलं. पुस्तक तोंडपाठ होतं, अक्षरओळख जेमतेम. म्हणून वर्गात वाचलेल्या पुस्तकावर चाचणी घ्यायची नाही, कधीच नाही, नवीन मजकूर पाहिजे. आणि एप्रिलचा नि जूनचा उतारा वेगळा पण सारख्याच अवघडपणाचा हवा. दोन्ही खरंच सारखे आहेत का अशी शंका असेल तर सोपा उपाय, अर्ध्या मुलांना आधी अ मग ब, उरलेल्यांना आधी ब मग अ. उतारा सोपा होता म्हणून आकडा वाढला असं मग कोणी म्हणू शकत नाही.

शब्द मोजायचे असतील तर एक मिनिटाचा टायमर लावा, मुलाच्या हातात एक कागद, तुमच्या हातात तोच दुसरा. चुकला किंवा सोडला तो शब्द खोडा, मिनिट संपलं तिथे रेघ मारा, वाचलेले वजा चुकलेले. मुलाने स्वतःच सुधारलं तर ती चूक धरायची नाही. निपुण भारतमध्ये, म्हणजे केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या कार्यक्रमात, दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० असं लक्ष्य आहे, तेही अर्थ समजून. इंग्रजी वेबसाइटवरचे तक्ते मात्र मराठीला लावू नका, आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्यामुळे एकेक शब्द लांबलचक, वर जोडाक्षरं. आणि वेगाच्या मागे लागून पोरं राजधानी एक्स्प्रेस होतात, स्वल्पविराम, पूर्णविराम काही नाही, शेवटी विचारलं काय वाचलंस तर ब्लँक. मिनिट झाल्यावर एक प्रश्न विचाराच.

भाषेचं पण बघा. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, एकाच वस्तीतल्या वर्गात मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाची मुलं शेजारी शेजारी बसतात, आणि घरी अस्सल मालवणी बोलणारं पोरगं इंग्लिश मीडियमला असल्यामुळे मराठी अक्षरं लावत लावत वाचतं. साधा नियम, पुस्तकं ज्या भाषेतली त्याच भाषेत चाचणी, आणि शाळेचं माध्यम वहीत लिहून ठेवायचं. नाहीतर शेवटी सगळ्यांची सरासरी काढता आणि त्या सरासरीचा अर्थ कोणालाच लागत नाही.

चाचणी कोणी घ्यायची? जी ताई शिकवते तिने नको. तिच्यावर संशय म्हणून नाही हो, तिला त्या पोराचं कौतुक असतं, ओठ हलवून मदत होऊन जाते, आपल्याला कळतही नाही. दोन वेगळे लोक घ्या आणि सुरू करायच्या आधी चार-पाच मुलांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून (पालकांना विचारून) दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्या. फरक आला तर का आला ते बोला. हा तास-दोन तासांचा खटाटोप सगळे टाळतात आणि नंतर एकाची शब्द पातळी दुसऱ्याची परिच्छेद निघते.

आता मुंबईचा खास प्रश्न, गाव. मे मध्ये अर्धी मुंबई गावाला. कोकणात, साताऱ्याला, यूपीला, जिकडेतिकडे. पहिल्या आठवड्यात खोली भरलेली असते, मग तिकिटं मिळतील तशी पोरं गळत जातात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडायच्या तोंडावर परत येतात. मग हजेरीपत्रक बघून लोक म्हणतात गळती खूप, वर्ग फसला. अरे वर्ग कसला फसला, मूल आजीकडे आंबे खातंय. म्हणून हजेरीच्या वहीत गैरहजर एवढंच नको, कारण पण लिहा. गावाला गेलं, आजारी, धाकट्याला सांभाळायला घरी, दुसऱ्या क्लासला टाकलं, आणि कंटाळून सोडलं. ह्यातलं शेवटचं कारण तेवढं तुमच्या खात्यावर. धाकट्याला सांभाळायचं कारण बरेचदा दिसलं तर वेळ बदला किंवा धाकट्यालाही मांडी घालून बसू द्या, काही बिघडत नाही.

गावाला जाणाऱ्यांना पुस्तकं बरोबर द्या आणि त्यांना तपासणीतून वगळू नका, उलट तो आपसूक मिळालेला वेगळा गट आहे, वर्ग नाही पण पुस्तकं आहेत असा. ह्याबाबत बाहेरचं संशोधन कामाचं आहे. ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन ह्यांनी गरीब घरातल्या मुलांना स्वतः निवडलेली बारा पुस्तकं दर उन्हाळ्यात, अशी सलग तीन उन्हाळे दिली, आणि ती मुलं न मिळालेल्यांपेक्षा वाचनात पुढे निघाली. दुसरीकडे जेम्स किम आणि थॉमस व्हाइट ह्यांच्या २००८ च्या अभ्यासात नुसती पुस्तकं पाठवलेल्या गटात म्हणावा तसा फरक दिसला नाही, पण सुटीच्या आधी शिक्षकांनी समजून कसं वाचायचं आणि घरी कोणालातरी मोठ्याने कसं वाचून दाखवायचं हे शिकवलेल्या गटात दिसला. म्हणजे पुस्तक देताना पंधरा मिनिटं त्यावर बोलून द्या, नुसतं पिशवीत कोंबू नका. आणि निवड मुलाची. तुम्ही संस्कारकथा निवडाल, ते डायनासोर निवडेल, डायनासोर जाऊ दे गावाला.

परत आलेलं पुस्तक नीट बघा बरं का, ते पुष्कळ काही सांगतं. पहिली चार पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत, म्हणजे कुठे सोडलं ते कळलं. मधल्या पानावर हळदीचा डाग, म्हणजे जेवताना पण हातात होतं. पुस्तक फाटून आलं म्हणून दंड घेणारे वर्ग आहेत, तिथली मुलं पुस्तक घरीच नेत नाहीत, आणि मग वहीत वाचनाची आवड कमी अशी नोंद होते.

तुलनेचं आता बोलूया, इथे जरा डोकं लावायला लागतं. मूल एप्रिलमध्ये शब्द पातळीला होतं, जूनमध्ये परिच्छेदाला आलं. वर्गामुळे आलं? असेल. किंवा एप्रिलमध्ये त्या दिवशी त्याला ताप होता. किंवा शाळा सुरू झाली नि बाईंनी उजळणी घेतली. सगळ्यात कच्ची मुलं निवडून वर्ग घेतला ना, तर काहीही न करतासुद्धा दुसऱ्या वेळी त्यातली काही वर येतात, कारण पहिल्यांदा काहींचा नुसता दिवस वाईट होता. म्हणून वर्गात न आलेली मुलं पण दोन्ही वेळा तपासायला लागतात. पण कोणतीही नाही, कारण जे पालक एप्रिलमध्ये फॉर्म भरायला धावत येतात त्यांच्या घरी तसंही मुलाकडे लक्ष असतं. त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे जागा कमी आणि नावं जास्त असली की सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. ज्यांचं नाव निघालं ती मे च्या बॅचला, उरलेली दिवाळीच्या सुटीतल्या बॅचला, आणि चाचणी दोघांची. ओळखीच्याला आधी घेतलं ही कटकटही मिटते. चिठ्ठ्या शक्य नसतील तर निदान त्याच इयत्तेतली, त्याच शाळेतली, एप्रिलमध्ये त्याच पातळीला असलेली मुलं बाजूला धरा.

जूनची चाचणी समारोपाच्या दिवशी घेऊ नका. समोसे आलेले असतात, पाहुणे यायचेत, कोण वाचतंय. शाळा सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या, तोवर गावची मंडळीही परततात, रेनकोट-छत्र्यांचा गोंधळ सोसून घ्या. दोन्ही गटांची एकाच आठवड्यात घ्या. आणि जमलंच तर गणपतीच्या आधी अजून एकदा, कारण जूनमध्ये दिसलेला फरक ऑगस्टपर्यंत टिकला का हा खरा प्रश्न, आणि तो कोणी विचारतच नाही.

गोडीचं काय? पोरांना वर्ग आवडला का विचारू नका, सगळी हो म्हणतात, तुम्ही खाऊ देता. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे फॉर्म पण तसलेच, सगळे हसऱ्यावर टिक. त्याऐवजी बघा. सतरंजीवर दहा-बारा पुस्तकं, थोडे रंग, एखादा कॅरम ठेवा, दहा मिनिटं मोकळी सोडा आणि कोपऱ्यात बसून फक्त लिहा, कोणी पुस्तक उचललं, किती वेळ हातात राहिलं, कोणी दुसऱ्याला दाखवलं. पहिल्या आठवड्यात एकदा, शेवटच्या आठवड्यात एकदा, पुस्तकं वेगवेगळी. कॅरम जिंकला तरी दोघी-तिघी पुस्तकावर डोकं घालून भांडत असतील तर ते लिहा. प्रश्नच विचारायचा तर पुस्तकातलं कोण तुला अजिबात आवडलं नाही असा विचारा, न वाचलेलं मूल इथे सापडतं. पालकांना फोन करून विचाराल तर वाचतो का हो घरी असं नको, काल संध्याकाळी काय काय केलं त्याने असं विचारा, त्यात पुस्तक आपणहून आलं तर आलं.

आकडे मांडताना सरासरी नको, कोण कुठून कुठे गेलं ते मांडा. समजा तीस मुलं आहेत. अक्षर पातळीची आठ, त्यातली सात तिथेच, एक शब्दावर. शब्दवाली दहा, त्यातली पाच परिच्छेदावर, चार तिथेच, एक खाली. परिच्छेदवाली सात, त्यातली चार गोष्टीवर. गोष्टवाली पाच, त्यांची वेगळी चाचणी. ह्या चार ओळींतून लगेच दिसतं की तुमचा वर्ग मधल्या मुलांना चालतोय आणि अक्षरवाल्यांना नाही. आणि त्यात नवल नाही, ज्याला अक्षरंच लागत नाहीत त्याला पुस्तकांच्या ढिगात बसवून काय होणार, त्याला पातळीप्रमाणे गट करून रोज तासभर शिकवायलाच लागतं, प्रथम इतकी वर्षं तेच सांगतेय. सरासरी काढली असती तर हे सगळं झाकलं गेलं असतं. खाली गेलेल्या एका मुलाची चाचणी परत घ्या, पण मग वर गेलेल्या दोघा-तिघांची पण परत घ्या, फक्त नकोशा आकड्यांनाच दुसरी संधी द्यायची ही लबाडी झाली.

तीस मुलांवर टक्केवारी लिहू नका. तेहतीस टक्के प्रगती वाचायला भारी वाटतं, पण तीसपैकी दहा म्हटलं की माणूस जमिनीवर येतो. खर्च काढताना एकूण खर्चाला नाव नोंदवलेल्यांनी भागू नका, निम्म्याहून जास्त दिवस आलेल्यांनी भागा. देणगीदाराला हा आकडा मोठा दिसेल, दिसू दे, आणि गावाला पुस्तकं नेणाऱ्यांचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, तो फारच कमी निघतो आणि पुढच्या वर्षी तिथेच वाढवायचं का हे ठरवता येतं.

मुलांची नावं रिपोर्टमध्ये नकोत, नंबर द्या, पातळीच्या यादीसकट फोटो तर व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकू नका. पालकांची सही एप्रिलमध्येच घ्यायची. पालकांना मात्र आपापल्या मुलाचं नक्की सांगा, तोंडी, दोन वाक्यात, आधी असं वाचायचा, आता असं वाचतो, घरी रोज रात्री एक पान तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. आई म्हणाली मला नाही वाचता येत, तरी चालतं, तिने फक्त ऐकायचं आणि मग काय झालं एवढं विचारायचं.

आणि मूळ कागद फेकू नका, चाचणीचे खोडलेले उतारे, हजेरीची कारणं, सतरंजीवरच्या नोंदी, सगळं एका फायलीत वर्ष घालून ठेवा. पुढच्या एप्रिलला नवीन ताया-दादा येतील तेव्हा पहिल्या मीटिंगला हीच फाइल उघडायची, कारण अक्षरवाल्या सात जणांचं काय करायचं हे तिथेच ठरवायचंय.